ओन्लीची जागा

मंगळवारी टीना पुन्हा गाढ झोपलेली सापडली, तेव्हा अंजूनं चप्पल काढायच्या आधी तिच्या तोंडाचा वास घेतला.

दुधाचा वास होता. आणि दुधाच्या मागे दडून आणखी कसला तरी, गोडसर, थोडा उग्र. बासुंदीच्या पातेल्याला येतो तसा. अंजूनं पोरीचा गाल हळूच थोपटला. पोर हलली नाही. पाय हलवून पाहिला, तर पाय तिनं सोडला तसाच पडून राहिला.

पावणेदोन वाजले होते. वीस महिन्यांची टीना या वेळेला घरभर धिंगाणा घालायची, तांदळाच्या डब्यात हात, चुलीच्या राखेत पाय. अंजू घरी असताना तिला झोपवायला तासभर पाठ थोपटावी लागे. आणि अंजू लाखांदूरला शाळेत जायला लागल्यापासून ही पोरगी भरदुपारी अशी झोपते की दिवेलागणीपर्यंत डोळा उघडत नाही. असं का व्हावं?

"आली का?" मागच्या अंगणातून सासूचा आवाज आला. "भात झाकून ठेवला हाय. वांग्याची भाजी हाय."

रुखमाबाई पाण्याच्या नांदीजवळ दगडावर बसून पाय धूत होती. घासघासून धूत होती. अंजूला पाहिल्यावर तिनं लुगड्याचा काठ पायावर ओढून घेतला.

"आत्याबाई, टीना केव्हा झोपली?"

"आताच तं झोपली."

"काय खाल्लं?"

"दूध पेली अन् झोपली. लेकरू हाय, झोपणारच. तू जेवून घे आंधी."

अंजू जेवायला बसली, पण तिचं लक्ष घासात नव्हतं. दूध पेली. फक्त दूध?

अंजू पवनीची. तिथल्याच कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, वर्गात दुसरी आलेली. दिघोरीच्या या घरात लग्न होऊन आली त्याला तीन वर्षं झाली होती. नवरा मनिष तुमसरकडे एका राइस मिलमध्ये मशीनवर होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. घरात सासू, सून आणि टीना. लाखांदूरच्या एका खाजगी शाळेत इंग्रजीची जागा निघाली, तेव्हा अर्ज करायला मनिषनंच सांगितलं, आणि "पोरीले मी पायतो, तू जाय" असं सगळ्यात आधी म्हणाली ती सासू. शाळेनं दोन आठवडे शिकवून पाहायला सांगितलं होतं. सकाळची शाळा, साडेबाराला सुट्टी. येत्या सोमवारी कायम नेमणुकीच्या कागदावर सही करायची होती. सही केली की वर्षभर रोज सकाळी पोर या घरात सासूच्या हवाली.

म्हणजे सोमवारच्या आत तिला कळायलाच हवं होतं की आपण घरात नसतो तेव्हा घरात काय चालतं.

*

बुधवारी नववीच्या वर्गात तिनं मुलांना पुठ्ठ्याची कार्डं वाटली. हेडमास्तर चंद्रकुमार सर शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले होते. विषय त्यांनीच दिला होता: वाक्यातल्या विशेषणाची, क्रियाविशेषणाची जागा. "मॅडम, नियम सांगून मुलांना हे समजत नाही," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "शब्द कुठे उभा आहे ते दाखवा. मग तो कुणाकडे बघतो ते त्यांनाच ओळखू द्या."

वर्गात तिसेक मुलांपैकी अकराच होती. रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. बाकीची कुणी भाताच्या बांधीत, कुणी घरी धाकटी भावंडं सांभाळत.

चार मुलं फळ्यासमोर ओळीनं उभी राहिली. एकाच्या हातात 'ग्रँडमदर', दुसऱ्याच्या 'गेव्ह', तिसरीच्या 'द बेबी', चौथ्याच्या 'मिल्क'. आजीनं बाळाला दूध दिलं. हे वाक्य काल रात्री भांडी घासताना आपोआप सुचलं होतं. का सुचलं, हे अंजूनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"आता रुचिता, तू ओन्ली."

रुचिता ही वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी. 'ओन्ली'चं कार्ड छातीशी धरून ती ओळीच्या टोकाला, ग्रँडमदरच्या आधी जाऊन उभी राहिली.

"काय अर्थ झाला?"

"फक्त आजीनंच दिलं. दुसऱ्या कोणीच नाई दिलं."

"बरोबर. आता एक पाऊल पुढे."

रुचिता ग्रँडमदर आणि गेव्हच्या मधे शिरली. मागून एक मुलगा ओरडला, "दिलं फक्त. पाजलं नाई. गिलास ठेवला अन् गेली टीव्ही पाहाले!"

वर्ग खिदळला. चंद्रकुमार सरही मिशीत हसले. रुचिता आणखी पुढे सरकली, 'द बेबी'च्या आधी. बाळालाच दिलं, बाकीच्यांना नाही. "बाकीचे उपाशी," कुणीतरी म्हणालं. मग ती 'मिल्क'ला खेटून उभी राहिली.

"फक्त दूधच दिलं," रुचिता म्हणाली. "दुधाच्या सोबत अजून काही नाई दिलं."

अंजू कार्डाकडे बघत राहिली. पाचच कार्डं. एक शब्द पावलापावलानं सरकत होता आणि दर पावलाला घरातली वेगळीच गोष्ट सांगत होता. यातली खरी कोणती?

"मॅडम, मी अठीच उभी राहू का?"

"अं? हो. राहा तिथंच."

मग तिनं दोन शब्दांच्या मधे अडकलेला शब्द दाखवला. 'स्टुडंट्स हू प्रॅक्टिस ऑफन विन.' जे पुष्कळदा सराव करतात ते जिंकतात, की जे सराव करतात ते पुष्कळदा जिंकतात? 'ऑफन' मधोमध उभा, डावीकडेही बघतो, उजवीकडेही.

"मॅडम, हा तं आमच्या मोठ्या काकावानी हाय," मघाचाच मुलगा म्हणाला. "भांडणात दोन्हीकून बोलते."

"मग अशा काकाचं काय करायचं?"

"हात धरून एका बाजूले उभा करायचा!"

तास छान झाला. बाहेर आल्यावर चंद्रकुमार सर म्हणाले, "मॅडम, मुलांना तुम्ही बोलतं केलंत. सोमवारी या, कागद तयार ठेवतो. पण एक सांगतो, सोमवारच्या पुढे थांबता येणार नाही मला. दुसरा एक अर्ज पडून आहे."

काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसल्यावर अंजूला आनंद व्हायला हवा होता. तिच्या डोळ्यांपुढे मात्र टीनाचा सुटा पडलेला पाय येत होता.

*

त्या दिवशी त्याच पायावर तिला वळ दिसला. उजव्या घोट्याच्या वर, बारीक लालसर कडं. काहीतरी बांधल्याचं.

"आत्याबाई, हे काय आहे टीनाच्या पायाला?"

"कुठी? हे होय. पैंजण रुतलं असन."

"पैंजण मी रविवारीच काढून ठेवलेत."

रुखमाबाईनं सूप पुढ्यात ओढलं. मग सुपातले तांदूळ जरा जास्तच जोरात पाखडायला लागली. "मंग मच्छर चावला असन. तुले का वाटते, मी का पोरीले काही करून राहिलो?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाई म्हटलं."

"तुम्ही सकाळी कुठं गेला होता का?"

"टीनाले घरी सोडून मी कुठीच जात नाई. देवाची आण."

अंजूला दोन आठवड्यांपासून अशी सवयच लागली होती, कुणी काही बोललं की शब्द एकेक करून सुटे करायचे. टीनाला घरी सोडून कुठंच जात नाही. मग टीनाला घेऊन? तिनं तसं विचारलंसुद्धा. सासू उठली, सूप भिंतीला टेकवलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, शाळा शाळेत ठेवत जा." आणि मागच्या अंगणात निघून गेली. जाताना पाय जरा ओढत होती. बोटांच्या बेचक्यांत पांढरं पांढरं झालेलं अंजूला दिसलं. म्हातारीनं तिथं हळद-तेल लावलं होतं. पावसाळ्यात अंगणातही चिखल असतोच, असं मनाशी म्हणून अंजूनं ते सोडून दिलं. तिचं सगळं ध्यान त्या वासावर होतं.

तो वास तिला संध्याकाळी सापडला. देवळीतल्या डब्यात बाळाच्या घुटीचं सामान असे: वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ. टीना वर्षाची झाल्यापासून घुटी बंद होती. तरी सहाण ओलसर होती, आणि जायफळाची एक बाजू ताजी उगाळलेली, गुळगुळीत.

अंजूनं जायफळ नाकाशी धरलं. जायफळानं लेकराला गुंगी येते हे तिला ठाऊक होतं. पवनीला त्यांच्या गल्लीतल्या एका बाईनं बाळाला जास्त पाजलं होतं, आणि बाळ दीड दिवस उठलं नव्हतं. घरभर रडारड झाली होती.

तिनं पर्समधून निळा पेन काढला आणि जायफळाच्या उगाळलेल्या बाजूवर एक बारीक रेघ ओढली. उद्या रेघ दिसली तर आपला संशय खोटा. रेघ गेली, तर खरा.

गुरुवारी दुपारी ती घरात शिरली ती थेट देवळीपाशी गेली. रेघ गेली होती.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन मनिषला फोन लावला. मागे मिलच्या मशीनची घरघर होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"अंजू, तू मास्तरीण होऊन राहिली का ठाणेदारीण?"

"तुम्हाला हसू येतंय? तुमची मुलगी आहे ती."

"अन् थे माही माय हाय. माह्या मायनं मलेही जायफळ उगाळून पाजलं, मी का मेलो?"

"म्हणून तुम्ही असे आहात."

"बरं, तू काहून विचारत नाईस तिले सरळ?"

"विचारलं. सरळ उत्तर येत नाही. काहीतरी लपवतात त्या. पोरगी जड झाली असेल तर तसं सांगावं. मी नाही करत नोकरी."

"असं नको करू," मनिष आता हसत नव्हता. "सोमवारपर्यंत थांब. मी शनिवारी सुट्टी भेटते का पायतो."

त्याला सुट्टी मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. अंजूनं मनात ठरवून टाकलं. उद्या शाळेत जाऊन चंद्रकुमार सरांना नाही म्हणून सांगायचं.

*

शुक्रवारी ते सांगायची वेळच आली नाही. शाळेत तिन्ही वर्ग मिळून नऊ मुलं आली. चंद्रकुमार सर वर्गांवरून एक चक्कर मारून आले आणि घंटा द्यायला सांगितली. "रोवणा काही आपल्या वेळापत्रकानं चालत नाही मॅडम. जा घरी. सोमवारी भेटू." ते बोलता बोलता मोटारसायकलवर बसलेही.

साडेदहाला अंजू दिघोरीत उतरली. पाऊस भुरभुरत होता. घराच्या दाराला बाहेरून कडी होती. कडीत काडी खोचलेली.

"टीना!"

घरात कुणी नव्हतं. सहाण ओली होती. पाळण्याची जुनी झोळी खुंटीवर नव्हती. शेजारची दोन्ही घरं बंद. अंजू पावसात तशीच रस्त्यावर आली. तळ्याच्या बांधावर, पारीवर, डोमा म्हातारा म्हशी घेऊन उभा होता, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ.

"डोमाजी, आमच्या आत्याबाईला पाहिलंत का? टीना आहे त्यांच्यासोबत."

"रुखमाबाई ना? थे काय, पार्वताबाईच्या टोळीत." त्यानं काठीनं तळ्याखालच्या बांध्यांकडे दाखवलं. "रोजच तं जाते."

"रोज? पोरीला घेऊन?"

"मंग का पोरीले घरी कोंडून जाईन?"

अंजू पारीवरून धावत सुटली. एका बाजूला तळं काठोकाठ भरलेलं, दुसऱ्या बाजूला खाली बांध्याच बांध्या, पाण्यानं चकाकणाऱ्या. बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून पाय घसरला, गुडघ्याइतका चिखलात गेला, एक चप्पल तिथंच राहिली. तिला दुरूनच बायकांची रांग दिसली, पंधरा-सोळा पाठी वाकलेल्या. रांगेपासून चार हात मागे पडलेली एक पाठ होती. ती पाठ तिच्या ओळखीची होती.

धुऱ्यावरच्या येनाच्या झाडाला झोळी बांधली होती. झोळीवर प्लास्टिक. आत टीना झोपली होती, तोंड उघडं टाकून. तिच्या उजव्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली, आणि पट्टीचं दुसरं टोक झाडाच्या खोडाला.

अंजूनं गाठ सोडवायला घेतली. पावसानं भिजून ती आवळली होती, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

"अगं मास्तरीण आली वं!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. पाठी सरळ झाल्या. पार्वताबाई, टोळीची मुकरदम, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. उंच, काळी, आवाजानं बांधी भरून टाकणारी बाई.

"ये बाई ये. आखरी आली तं. आता धर परे अन् लाग रांगेले."

"माझ्या मुलीला बांधून ठेवता तुम्ही?"

"आमी नाई ठेवलं. तुह्या सासूनं ठेवलं. अन् नाई बांधीन तं का बांधीत पोहू देईन? तो खड्डा पाय." पार्वताबाईनं चिखलाच्या हातानं दाखवलं. झोळीपासून दहा पावलांवर पाणी सोडायचा खोल खड्डा होता, तपकिरी पाण्यानं भरलेला. अंजूनं टीनाला झोळीतून उचलून घेतलं.

रुखमाबाई अजून वाकलेलीच होती. तिनं मान वर केली, सुनेकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि हातातली परह्याची, भाताच्या रोपांची पेंडी संपेपर्यंत रोवत राहिली.

"आत्याबाई, चला घरी."

"घरी जा तू पोरीले घेऊन. मी मधातूनच आली तं आजचा दिवस बुडते."

"कसला दिवस?"

उत्तर पार्वताबाईनंच दिलं. "तुले सांगतलं नाई का? आमच्यात पैशाचा व्यवहार नाई, बाई. आज तुह्या घरची बाई माह्या बांधीत, उद्या माही तुह्या बांधीत. तुह्या सासूनं बोलून ठेवलं होतं, यंदा सून येईन. सून गेली शाळेत. मंग म्हातारी आली. म्हातारीचा हात अर्धा. तुह्या एका दिवसाचे तिचे दोन दिवस. हिशेब सरळ हाय."

"अर्धा?"

"पाय न कशी मागं पडते थे. अन् दुपारीच घरी पळते."

बायका हसल्या. रुखमाबाईनं पुढची पेंडी उचलली.

*

संध्याकाळी चूल पेटली तरी दोघी बोलत नव्हत्या. टीना जागी झाली होती आणि नांदीवर लोटा आपटत होती. अंजूनंच सुरुवात केली.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू शाळेत गेली असती का?"

अंजूनं टीनाच्या हातातला लोटा काढून घेतला.

"नसती गेली. मनिष बोलला होता, हे शाळा तिच्या मनात हाय. मले वाटलं, महिनाभराचा तं रोवणा. ओढून नेऊ. बांधी पडीक ठेवली तं खाऊ काय? तळ्याखालच्या बांधीत मशीन शिरत नाई, भाड्यानं बायका भेटत नाईत. टोळीचाच आधार."

"ते ठीक आहे. पण जायफळ? वीस महिन्यांच्या पोरीला रोज जायफळ?"

"एकच फेरा. सहाणीवर एकच."

"एक फेरा रोज! आत्याबाई, त्यानं लेकरं दगावतात. पाय बांधता आणि वरून गुंगी देता?"

"मंग का करू?" रुखमाबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "जागी राहिली तं पट्टी ओढते, रडते, रडली का माहा हात थांबते, हात थांबला का पार्वता अर्ध्याचा पाव करते. झोपली का जिवाले घोर नाई. खड्डा पायला ना तू? मी रांगेतून दर चार परह्यानं मागं पायतो. म्हणून तं मागं पडतो."

म्हातारी चुलीतलं लाकूड आत सारत पुढे म्हणाली, "अन् जायफळावर रेघ ओढली होती तू. निया रंगाची. मले दिसली नाई का? मी अडाणी हाय, आंधळी नाई."

"तरी उगाळलंत?"

"चाकूनं खरवडली आंधी. शाई पोरीच्या पोटात गेली असती तं?"

अंजूनं खाली मान घातली. शाईचा विचार तिला शिवलाही नव्हता. तिनं फक्त सासूला पकडायचं ठरवलं होतं, आणि ती रेघ कुणाच्या पोटात जाणार होती हे पाहिलं नव्हतं. पण म्हणून जायफळ माफ होत नाही, असंही तिला त्याच वेळी वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या, आणि एकीला दुसरीच्या जागेवर बसवता येत नव्हतं.

"किती दिवस राहिले तुमचे?" तिनं विचारलं.

"उद्याचा सोडून अजून दोन, सोमवार अन् मंगळवार. मंग पुढच्या रविवारी टोळी आपल्या बांधीत."

"उद्या शनिवार, शाळा नाही मला. टीनाला मी पाहते, तुम्ही जा. रविवारी मी जाते टोळीत. तुमचे दोन दिवस म्हणजे माझा एक. बरोबर?"

रुखमाबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? पवनीच्या बाजारातली पोर. परे कोणत्या बाजूनं खोसतात हे तरी मालूम हाय का?"

"शिकेन."

"शिक," म्हातारी म्हणाली. "पण एक दिवस जायफळ नाई, पट्टी नाई, घरी बसून पोरगी सांभाळायची, म्हणजे हाताले काम नाई. मले तं करमणारच नाई."

"आत्याबाई."

"बरं बापा, नाई उगाळत."

"सोमवारीही नाही. कधीच नाही."

"नाई म्हटलं ना!"

*

रविवारी अंजूची पाठ पहिल्या तासातच तुटायला आली. तिनं खोवलेले परे थोड्या वेळानं उपटून पाण्यावर तरंगायला लागत, आणि मागून बायका ओरडत, "मास्तरीणबाई, तुमचे पोट्टे वर्गातून पळून राहिले!" अंजूला राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही यायला ताकद उरली नाही. ती रोवत राहिली. अंगठा आणि दोन बोटं, खाली दाबायचं, माती सोडायची नाही. दुपारपर्यंत तिची ओळ सरळ यायला लागली, पण रांगेच्या मागेच.

काम संपल्यावर पार्वताबाई तिच्या ओळीपाशी येऊन उभी राहिली. चार परे ओढून पाहिले. दोन हातात आले.

"पाऊण," तिनं निकाल दिला.

रुखमाबाई टीनाला कडेवर घेऊन धुऱ्यावर आली होती. ती तिथूनच कडाडली. "पाऊण कसा वं? अख्खा दिवस वाकली हाय माही सून!"

"वाकली अख्खी. रोवलं पाऊण."

"मंग उरलेला पाव तुह्या डिंपलले इंग्रजी शिकवून फेडीन. तुही नात सातवीत नापास होता होता वाचली, पूर्ण गावाले माहीत हाय!"

पार्वताबाईनं रुखमाबाईकडे डोळे वटारून पाहिलं. मग हसली, चिखलाचे हात एकमेकांवर चोळले. "बरं. पूर्ण धरतो. पण डिंपल पास झाली तं."

म्हणजे सोमवार आणि मंगळवार म्हातारी मोकळी. अंजू चिखलातच बसली. धुऱ्यावर टीनाच्या पायाला काही बांधलंय का, हे तिनं बसल्या बसल्या पाहून घेतलं.

*

सोमवारी सकाळी सहालाच ती निघाली. बोटांची नखं काळी झालेली, घासूनही न निघालेली. टीना जागी होती. रुखमाबाई दारात भाकरीचं पीठ मळत बसली होती, आणि पोर तिच्या मांडीवर चढायचा खटाटोप करत होती.

"येते, आत्याबाई."

"ये."

अंजू स्टँडवर पोचली. काळीपिवळी उभी होती, चार सवाऱ्या बसल्या होत्या, ड्रायव्हर बिडी ओढत होता. ती चढली. जागा पकडली. पर्स मांडीवर घेतली. मग उतरली.

"भाऊ, दोन मिनिटं. आलेच."

"दोन म्हणजे दोनच, ताई. सवारी भरली का निघालो."

ती झपाझप चालली. वळणावरून पळायलाच लागली. घराच्या आडोशाला, आवाज न करता, कुडाच्या बाजूनं ती आली आणि आत पाहिलं. डबा देवळीत होता. सहाण भिंतीला उभी, कोरडी. टीना पिठात दोन्ही हात घालून बसली होती, तोंडावर पीठ, डोळे टक्क उघडे. रुखमाबाई तिला म्हणत होती, "खाऊ नको वं, कच्चं हाय. तुही माय मले फाशी देईन."

अंजूच्या पायाखाली काटकी मोडली.

म्हातारीनं मान वळवली नाही. पिठाचा गोळा परातीत आपटला.

"काय विसरली?"

"काही नाही," अंजू म्हणाली.

"मंग जाय लवकर. सही करायची हाय ना तुले? गाडी निघून राहिली."

स्टँडकडून हॉर्न वाजला. अंजू वळली आणि धावली.